'हसे' आणि हसणे : लोकलज्जा, प्रांजळ विनोद आणि 'स्मृतिचित्रे'

१

मराठी बोलीत 'लोक' या शब्दाला एक विलक्षण अधिकार आहे. 'लोक काय म्हणतील' या प्रश्नातील लोक म्हणजे नेमके कोण, हे बोलणारा सांगत नाही आणि ऐकणारा विचारत नाही. चारचौघांत बसणे, नाक कापले जाणे, तोंड दाखवायला जागा न उरणे, लोकांनी तोंडात शेण घालणे, हे वाक्प्रचार पाहिले तर लोकापवादाची भीती या भाषेने माणसाच्या चेहऱ्यावरच कोरून ठेवली आहे असे दिसते. त्यांतही 'हसे होणे' हा प्रयोग विशेष लक्षणीय आहे. 'माझे हसे झाले' या वाक्यात ज्याला हसले गेले तो षष्ठीत उभा असतो. हसणारा मात्र वाक्यात कोठेच नसतो. शिक्षा आहे, शिक्षा भोगणारा आहे, पण शिक्षा देणारा अदृश्य आहे. लोकलज्जेचे सामर्थ्य या अदृश्यतेतच साठलेले असते.

खेड्यात ही अदृश्यता फार काळ टिकत नाही, आणि म्हणून तिचा जाच कमी होण्याऐवजी वाढतो. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. बोर नदीवरील धरणाच्या आणि बोर अभयारण्याच्या सागवानी जंगलाच्या परिसरातले हे गाव. अशा गावात लोक ही कल्पना नसते. ते शेजारचे घर, पारावरची बैठक, सोयरीक जुळवणारा नातलग आणि उधारी देणारा दुकानदार असतात. कोणाच्या लग्नात किती पंगती उठल्या, कोणाची मुलगी किती शिकली, कोणाच्या दारात सावकाराचा माणूस आला, हे सर्वांना ठाऊक असते, आणि आपल्याविषयीही सर्वांना सर्व ठाऊक आहे हे ज्याला त्याला ठाऊक असते. फ्रेंच तत्त्वचिंतक आन्री बर्गसाँ याने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या हास्यविषयक ग्रंथात हास्याला समाजाच्या हातातील छडी मानले. जो माणूस समूहाच्या लवचिक वर्तनापासून ताठरपणे अलग होतो त्याला हास्य ताळ्यावर आणते, असा त्या मीमांसेचा आशय. 'हसे होणे' या मराठी प्रयोगात हीच मीमांसा बीजरूपाने आहे.

मात्र या मीमांसेतून एक प्रश्न सुटून जातो. ज्याचे हसे व्हायचे आहे तोच आधी हसू लागला तर? छडी उगारली जाण्यापूर्वीच त्याने ती आपल्या हातात घेतली तर? लोक जे कुजबुजत म्हणणार तेच त्याने मोठ्याने, नावनिशीवार आणि काहीही न लपवता सांगून टाकले, तर लोकांच्या हाती काय उरते? मराठी गद्यात हा प्रयोग केव्हा, कोणी आणि कोणत्या अटींवर केला याचा शोध घेतला असता विनोदी वाङ्मयाच्या रूढ इतिहासापेक्षा थोडी वेगळी संगती हाती लागते.

२

भारतीय काव्यशास्त्राला हास्याच्या दिशेचा प्रश्न अपरिचित नव्हता. भरताच्या नाट्यशास्त्रातील सहाव्या अध्यायात हास्यरस आत्मस्थ आणि परस्थ असा द्विविध मानला आहे. स्वतः हसणे ते आत्मस्थ, दुसऱ्यास हसविणे ते परस्थ. स्मितापासून अतिहसितापर्यंतचे सहा प्रकारही तेथे सांगितले असून ते उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतींमध्ये वाटून दिले आहेत. या वाटणीत लोकलज्जेचे एक सूक्ष्म शास्त्रच आहे : थोर माणसाने दात दिसू न देता हसावे, खुळखुळून हसणे हे हलक्याचे लक्षण. परंतु आत्मस्थ हास्यातही माणूस हसतो तो कोणत्या तरी विकृत वेषाला, वाणीला वा चेष्टेला. हसणारा आणि हास्यविषय एकच आहेत, या शक्यतेचा तेथे स्वतंत्र विचार नाही. मराठीत विनोदाची पद्धतशीर मीमांसा न. चिं. केळकरांच्या 'सुभाषित आणि विनोद' (१९०८) या ग्रंथाने रुजविली. त्याच दशकात मराठी विनोदी लेखनाची जी परंपरा आकार घेत होती, तिची मांडणी पाहिली की ही शक्यता किती दुर्लभ होती ते कळते.

ही परंपरा बऱ्याच अंशी विदर्भाच्या मातीतील आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा जन्म १८७१ साली नागपूरचा. त्यांची वकिली अकोला, खामगाव, जळगाव-जामोद या भागातली. 'विविधज्ञानविस्तारा'त १९०२ साली 'साक्षीदार' हा लेख आला आणि पुढे 'सुदाम्याचे पोहे' म्हणून गाजलेल्या लेखमालेचा आरंभ झाला. त्यांचे शिष्यत्व अभिमानाने मिरविणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' या नावाने विनोद लिहिला. त्यांचा अंत १९१९ साली नागपूर जिल्ह्यातील सावनेरला झाला. या दोघांनी मुहूर्त, शकुन, सोवळेओवळे, वधुपरीक्षा, लग्नातील मानपान या विषयांवर जो मारा केला त्याचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. मराठी मध्यमवर्गाला आपल्या रूढींकडे पाहून हसता येते ही गोष्ट कोल्हटकरांनी प्रथम दाखवून दिली.

तथापि हा विनोद बोलतो तो मुखवट्याआडून. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी रूढींचा पुरस्कार करते आणि त्या पुरस्काराच्या अतिरेकातून रूढीच हास्यास्पद ठरते. वाचकाला लेखक आणि सुदामा यांच्यातील अंतर सतत जाणवावे, हीच या रचनेची अट आहे. बाळकरामाच्या बाबतीतही तेच. ठकीच्या लग्नासाठी चाललेल्या खटपटीत विवाहबाजाराचे जे हसू होते ते त्या बाजारात कधीच न उतरलेल्या चतुर दृष्टीला दिसणारे हसू आहे. लेखक मूर्खांना हसतो, कारण तो मूर्ख नाही याविषयी वाचकाची आणि त्याची आधीच एकवाक्यता झालेली असते. लोकभय येथे ओलांडले जात नाही. अडाणी लोकांच्या जागी सुशिक्षितांचे एक नवे 'लोक' येऊन बसतात आणि त्यांच्या पंक्तीला बसण्यासाठी विनोदबुद्धी हा नवा सोवळ्याचा कद ठरतो.

चिं. वि. जोशी यांनी या रचनेत महत्त्वाचा बदल केला. बडोद्यास पालीचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाचे 'चिमणरावाचे चऱ्हाट' १९३३ साली प्रसिद्ध झाले. चिमणराव स्वतःच्या फजितीच्या हकिकती स्वतःच सांगतो. त्याचा भित्रेपणा, नसता मोठेपणा, चारचौघांत शोभून दिसण्याची धडपड हे सारे त्याच्या तोंडून येते, आणि वाचक त्याला हसता हसता त्याच्यावर लोभ करू लागतो. प्रथमपुरुषी निवेदनाने मराठी विनोदाचा रोख आत वळला. पण चिमणराव म्हणजे चिं. वि. जोशी नव्हेत. फजिती कल्पित माणसाची आहे. तिची किंमत कोणालाही मोजावी लागत नाही. स्वतःच्या नावावर, घडलेल्या गोष्टींवर आणि जिवंत नातलगांच्या देखत हसण्याचा प्रयोग पुढच्याच वर्षी एका वेगळ्याच दिशेने आला.

३

ती दिशा आत्मचरित्राची होती. या प्रकाराची तोवरची रीत पाहिल्यावाचून त्या प्रयोगाचे नवेपण ध्यानात येणार नाही. लोकांच्या विरोधात उभे राहिलेल्या माणसांना आत्मचरित्र हे जबानीसारखे लिहावे लागले. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हे धर्मांतराची कारणे मांडणारे गंभीर निवेदन आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी पुनर्विवाह केला तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. १९१५ सालच्या 'आत्मवृत्ता'त ते ही हकिकत संयमाने आणि हिशेब चोख ठेवणाऱ्याच्या वृत्तीने सांगतात. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) मध्ये शिकणाऱ्या सुनेला घरातील बायकांकडून झालेला जाच येतो, पण तो पतीच्या थोरवीच्या प्रकाशात.

यात नवल नाही. त्या काळी लोक हे प्रकरण किती जड होते याची साक्ष पंचहौद मिशनच्या चहाने दिली आहे. १८९० साली पुण्यातील काही प्रतिष्ठित मंडळी मिशनच्या एका कार्यक्रमास गेली, चहा पुढे आला, आणि त्यांची नावे 'पुणे वैभव'ात झळकताच ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि शेवटी न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषासही १८९२ साली प्रायश्चित्त घ्यावे लागले. यातील उपरोध असा की, नावे प्रसिद्ध करण्याचा उपद्व्याप करणारे गोपाळराव जोशी हे स्वतः सोवळ्याचे अभिमानी नव्हते. सुधारकांची फजिती पाहण्याची त्यांना हौस होती. दुसऱ्याला उघडे पाडणारा विनोद किती सहज लोकांच्या छडीला जाऊन मिळतो याचे हे उदाहरण आहे. चहाच्या एका पेल्यासाठी ज्या समाजात विद्वानांना पंचगव्याकडे वळावे लागते, तेथे स्वतःच्या धर्मांतराची, दारिद्र्याची आणि नवराबायकोच्या भांडणांची कथा हसत सांगणे ही साधी गोष्ट नव्हे.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी लग्न झाले आणि लिहिण्यावाचण्याची खरी ओळख त्यानंतर झाली. टिळकांच्या अस्थिर स्वभावामागे संसाराची वणवण झाली : नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाचा काळ, पुढे राजनांदगाव. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी सुमारे पाच वर्षे वेगळी राहिली, मग त्यांच्याकडे परतली, आणि १९०० साली तिनेही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मुळात या आठवणी मुलाला, देवदत्ताला, वडिलांच्या चरित्रासाठी हव्या होत्या. दुसऱ्याच्या चरित्राचे साधन म्हणून निघालेले लेखन मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र होऊन बसले. लेखिकेला स्वतःची प्रतिमा उभी करायची नव्हती, हे या उगमातच ठरून गेले असावे.

४

'स्मृतिचित्रां'चा आरंभ वडिलांच्या सोवळ्याने होतो. १८५७ च्या उठावाच्या प्रकरणात लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. तो धक्का नाना गोखल्यांच्या मनावर असा बसला की त्यांना विटाळाचे वेड लागले. बाजारातून आलेला जिन्नसही धुतल्यावाचून घरात येऊ नये, इथपर्यंत मजल गेली. घरातील बायकामुलांचे त्यात जे हाल झाले ते लक्ष्मीबाई अशा काही सहजतेने सांगतात की वाचकाला हसू आवरत नाही. पण हसत असतानाही त्या सोवळ्याच्या मुळाशी एक फाशीचा दोर आहे, हे वाचक विसरू शकत नाही. कोल्हटकरांचा सुदामा ज्या सोवळ्याची थट्टा करतो ते सोवळे केवळ मूर्खपणाचे असते. येथे ते भयाचे रूप आहे. विनोदाचा विषय झालेल्या माणसाचे दुःख विनोदाच्या आतच ठेवण्याची ही रीत मराठीत नवी होती.

त्याहून महत्त्वाचे ते पुढे घडते. पतीने धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाईंची स्थिती रूढीच्या कोणत्याही कोष्टकात बसेना. नवरा जिवंत, पण जातीच्या दृष्टीने नाहीसा झालेला. नातलगांचा कळवळा, टोमणे, उपदेश आणि पाळत या सर्वांतून त्या गेल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या त्या सोवळ्यासकट. ख्रिस्ती वस्तीत राहायचे आणि आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवायचे, अशी ती तारेवरची कसरत होती. प्रारंभी वडिलांच्या धुण्याला हसलेल्या वाचकाला आता मुलगी तेच करताना दिसते. आणि येथे लेखिकेचा स्वर बदलत नाही. वडिलांचे वेड ज्या प्रसन्न, नेमक्या, बारकाव्यांनी भरलेल्या गद्यात सांगितले त्याच गद्यात त्या स्वतःचे वेड सांगतात. स्वतःसाठी वेगळी, जास्त समजूतदार भाषा राखून ठेवलेली नाही. विनोदाचा प्रांजळपणा म्हणतात तो हा. एकाच मापाने वडील, नवरा, शेजारी आणि आपण असे सर्वांना मोजणे, एवढाच त्याचा नियम आहे. पण तो पाळणे फार अवघड.

या नियमाचे परिणाम ग्रंथात सर्वत्र दिसतात. टिळकांची कविवृत्ती, उदारपणा, विसराळूपणा आणि शीघ्रकोप हे सर्व एकाच पातळीवर येतात. पतिभक्तीचा पडदा मध्ये येत नाही आणि तक्रारीचा सूरही लागत नाही. स्वतःचा हट्ट, रुसणे, अज्ञान आणि चटकन उसळणारा राग यांनाही तितकीच जागा मिळते. धर्मांतराच्या बाबतीत 'अरुणोदया'तल्यासारखा वाद नाही. एका धर्माच्या पराभवाची आणि दुसऱ्याच्या विजयाची कथा नाही. सोवळे सुटले ते एका झटक्यात मिळालेल्या साक्षात्कारासारखे नव्हे. मनात पुष्कळ घोळून, घरच्या कामाधामात, पायरीपायरीने सुटले. जुन्या लोकांचे भय गेले, पण त्यांच्या जागी मिशनमधल्या नव्या लोकांना बसविले नाही, ही यातील सर्वांत स्वतंत्र गोष्ट. ख्रिस्ती समाजातील आणि मिशनरी मंडळींतील विसंगतीही त्याच मोकळेपणाने येतात. धर्म बदललेल्या माणसावर नव्या समाजाला शोभून दिसण्याचे दडपण जुन्याहून कमी नसते. लक्ष्मीबाईंनी ते दडपण मानले नाही.

सिग्मंड फ्रॉइडने १९२७ सालच्या विनोदावरील छोट्या निबंधात एक सूचक विचार मांडला आहे. एरवी कठोर न्यायाधीशासारखे वागणारे आपल्या मनातील वडीलधारे अधिष्ठान विनोदाच्या क्षणी भेदरलेल्या 'मी'ला लहान मुलासारखे जवळ घेते आणि हे जग वाटते तितके भयंकर नाही असे समजावते. लोक म्हणजे बाहेरची माणसे खरी, पण आपल्या आत बसलेले लोक त्याहून जबर असतात. दार लावून घेतले तरी ते आत असतातच. 'स्मृतिचित्रां'तील निवेदिका हेच करते. साठी ओलांडलेली स्त्री आपल्यातल्या घाबरट मुलीला, हट्टी सुनेला आणि एकाकी पडलेल्या तरुण बाईला मांडीवर घेऊन त्यांच्याच गोष्टी त्यांना सांगते. शिक्षा करीत नाही आणि लाडही करीत नाही. आतल्या लोकांचा आवाज तेथे वडीलधारा आणि मायाळू झालेला आहे. बाहेरच्या लोकांच्या आवाजाला मग धार राहत नाही.

५

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि स्त्रीवादी समीक्षेच्या दृष्टीने तो टाळता येण्यासारखा नाही. स्त्रीने स्वतःला हसून घेणे ही मुक्ती की शरणागतीची एक गोड रीत? न विचारता घर सोडून जाणारा, न सांगता धर्म बदलणारा, घरातले हाताला लागेल ते देऊन टाकणारा नवरा. त्याच्या वागण्याला हसू फुटणे म्हणजे अन्याय पचनी पाडणे नव्हे काय? ज्याला सत्ता नाही त्याने स्वतःची थट्टा केली की सत्ताधाऱ्याचे काम हलके होते. गावगाड्यातही असा माणूस असतो, जो सर्वांच्या आधी स्वतःला हसतो, कारण ते त्याचे जगण्याचे साधन असते. त्याला लोकभय नाहीसे झालेले नसते. लोकभयाने त्याला विदूषक बनविलेले असते.

दोहोंतला फरक ओळखण्याची खूण विनोदाच्या प्रमाणात सापडत नाही, तपशिलाच्या खरेपणात सापडते. विदूषक आपली फजिती फुगवितो, कारण त्याला हशा हवा असतो. आणि नेमकी दुखरी जागा झाकतो, कारण तेथे हशा थांबेल. लक्ष्मीबाई दुखरी जागा झाकत नाहीत. उपास, वियोग, मुलाबाळांची काळजी आणि पतीने न सांगता उचललेली पावले हे सर्व जसेच्या तसे पानावर आहे. वाचक आज त्या वर्तनाचा निवाडा लेखिकेहून कठोरपणे करू शकतो तो तिनेच दिलेल्या साक्षीच्या आधारे. साक्ष शाबूत ठेवणारा विनोद हा शरणागतीचा विनोद नव्हे. आनंदीबाई कर्वे यांच्या 'माझे पुराण' (१९४४) मध्ये हीच खूण दिसते. बालविधवा, पुनर्विवाहिता आणि एका थोर समाजसेवकाची पत्नी असलेली ही बाई आपल्या आयुष्यकथेला 'पुराण' म्हणते, म्हणजे 'फार लांबेल, पण ऐका' असे आधीच सांगून मोकळी होते, आणि मग संसारात वाट्याला आलेली ओढाताण आडपडदा न ठेवता सांगते. 'आत्मवृत्त' आणि 'पुराण' ही दोन शीर्षके शेजारी ठेवली तर एकाच घरातील दोन स्वर ऐकू येतात. नवऱ्याने लोकांना उत्तर दिले. बायकोने लोकांना ओसरीवर बसवून घेतले.

आक्षेपाची दुसरी बाजू अधिक कठीण आहे. लोकांच्या नजरेला हसून उत्तर देता येण्यासाठी आधी त्या लोकांत आपली काही जागा असावी लागते. लक्ष्मीबाईंनी ती जागा गमावली, पण जन्माने लाभलेला आत्मविश्वास त्यांच्यापाशी होता. ज्यांना चारचौघांत कधी बसूच दिले नाही त्यांची लाज वेगळ्या जातीची असते. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये प्रतिष्ठित झालेला लेखक आणि त्याच्याच आतला दगडू मारुती पवार यांचा संवाद आहे. प्रांजळपणा येथे टोकाचा आहे. हसू मात्र फार थोडे आणि तेही कडवट. लाज लादणाऱ्या व्यवस्थेला केवळ हसून विरघळविता येत नाही, हे त्या संवादातील अवघडलेपण सांगते. तरीही बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये वस्तीतील भाबडेपणाकडे, देवदेवस्कीकडे पाहताना जो विनोद येतो तो आतल्या माणसाचा आहे. आपल्या माणसांचे हसू ती त्यांच्या अवस्थेच्या कारणांसकट सांगते. लक्ष्मीबाईंनी वडिलांच्या सोवळ्याशी फाशीचा दोर बांधून ठेवला होता. त्याच न्यायाने येथे अज्ञानाशी दारिद्र्य आणि अस्पृश्यता बांधलेली आहे.

६

लेखनाबाहेर, विदर्भाच्या खेड्यांत, हाच प्रयोग एका निरक्षर माणसाने बोलून केला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर १९०५ साली घर सोडून निघाले आणि गाडगे महाराज झाले. अंगावर नाना तऱ्हेच्या चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा, आणि डोक्यावर तेच मातीचे गाडगे ज्यातून खायचे-प्यायचे. गोधडेबाबा, चिंधेबुवा ही नावे लोकांनी त्या वेषाला हसूनच दिली. हसे होण्यासारखे जे जे होते ते या माणसाने आधीच उघड्यावर आणून ठेवले होते. मग कीर्तनात तो समोरच्या जमावाला वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारी, उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेई, आणि बोकड कापून केलेले नवस, ऋण काढून केलेले सण, ऐपत नसता घातलेल्या पंगती यांचे हसू लोकांना स्वतःच येई. कोल्हटकर आणि गाडगे महाराज यांच्या टीकेचे विषय पुष्कळसे एकच आहेत. वक्त्याची जागा मात्र निराळी. सुदाम्याचा कर्ता मुखवटा घालून लोकांत येतो. गाडगेबाबांचा वेष मुखवट्याच्या उलट, ज्याच्यामागे लपायला काही नाही असा.

त्यांच्या विनोदामागे आचरण होते म्हणून तो बोचला नाही. मुलीच्या बारशाला दारू आणि मटणाचे जेवण घालण्याचा जातीतील रिवाज त्यांनी स्वतःच्या घरी मोडला आणि गोड जेवण घातले. 'लोक काय म्हणतील' या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यांनी स्वतःच्या अंगणात दिले, मग दुसऱ्यांना विचारले. ताटे विका, भाकरी हातावर घ्या, पण पोरांना शिकवा, या आशयाचा त्यांचा उपदेश प्रसिद्धच आहे. त्यात ताट हे चारचौघांतील अब्रूचे प्रतीक आहे हे ध्यानात घेतले म्हणजे त्या उपदेशाचा रोख कळतो. अब्रू विकून अक्षर घ्या, असे म्हणणारा हा माणूस अब्रूच्या कल्पनेलाच हसायला शिकवीत होता. १९५६ साली त्यांचे निधन झाले.

हा केवळ वाङ्मयेतिहासाचा विषय नव्हे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हा होता. कापसाचा भाव, नापिकी, सावकारी कर्ज ही कारणे आर्थिक आहेत आणि त्यांचे उपायही आर्थिकच असले पाहिजेत. कर्जबाजारी माणसाला हसायला सांगणे हा क्रूरपणा होईल. पण कर्ज आणि लाज यांची गाठ कोठे पडते हा प्रश्न उरतोच. मुलीच्या लग्नात उणे दिसू नये म्हणून काढलेले ऋण, वसुलीला आलेला माणूस शेजाऱ्यांनी पाहिल्याचा सल, आणि आपली अडचण कोणापाशी बोलून दाखविण्यातली मानहानी, या गोष्टी हिशेबाच्या वहीत लिहिल्या जात नाहीत. हिंगणीसारख्या गावात, जेथे सर्वांना सर्वांचे ठाऊक असते, तेथेही प्रत्येकजण आपली अडचण एकट्याचीच आहे असे समजून झाकत असतो. गाडगेबाबांच्या कीर्तनात जमाव एकदम हसे तेव्हा शेजारच्याचीही तीच अडचण आहे हे प्रत्येकाला कळे. 'हसे' या शब्दातून गाळला गेलेला कर्ता तेथे सापडत होता. तो आपणच होतो.

७

पुढील मराठी साहित्यात हा धागा तुटला नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर आपल्या फुशारक्या, उधळपट्टी आणि अपयश ज्या कोरड्या, तिरकस स्वरात सांगतो त्यात लोकमान्य यशाची सगळी भाषाच संशयास्पद ठरते. तेथील हसू लक्ष्मीबाईंच्या हसण्याइतके मायाळू नाही. पण स्वतःला वगळून न हसण्याचा नियम तोच आहे. याउलट बहुसंख्य विनोदी लेखनाने कोल्हटकरी वळण स्वीकारले आणि हुशार निवेदकाने भोवतालच्या वल्लींना हसावे हा साचा दृढ झाला. त्याने मराठी माणसाला पुष्कळ हसविले, पण लोकांच्या भयातून सोडविले असे म्हणता येणार नाही. कारण तो साचा वाचकाला हसणाऱ्यांच्या बाजूला सुरक्षित बसवून ठेवतो.

विनोदी वाङ्मयाच्या इतिहासात 'स्मृतिचित्रां'ना क्वचितच जागा दिली जाते. ते आत्मचरित्राच्या खात्यात जमा असते. गाडगे महाराजांचे कीर्तन समाजसुधारणेच्या खात्यात जाते. या दोन नोंदी विनोदाच्या खात्यात आणल्या तर त्या इतिहासाचा मध्यबिंदू सरकतो. मग विनोदाची कसोटी किती हसविले ही राहत नाही. कोणी, कोणाच्या देखत आणि काय पणाला लावून हसविले, ही होते. अशी कसोटी लावली म्हणजे लग्नानंतर अक्षरे शिकलेली एक स्त्री आणि डोक्यावर गाडगे घेतलेला एक निरक्षर कीर्तनकार हे मराठी विनोदाच्या आद्य पुरुषांच्या शेजारी बसतात. त्यांनी लोकांना गप्प केले नाही. लोक जे म्हणायचे ते म्हणतच राहिले. त्यांनी फक्त आपल्याविषयीची हकिकत लोकांच्या आधी आणि लोकांपेक्षा खरी सांगितली.